ब्रूनो गेल्यावर सिंबाला आणावं का?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "आमचा ब्रूनो, फॉन रंगाचा लॅब्रेडॉर, नऊ वर्षांचा, जूनअखेरीस टिक फीवरने, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने गेला. शेवटी किडन्याही गेल्या होत्या. आता मिस्टरांच्या ओळखीतलं एक कुटुंब दिवाळीच्या आसपास कायमचं कॅनडाला चाललंय. त्यांचा सिंबा, पाच वर्षांचा नर, तोही फॉन लॅब, ते आम्हाला देऊ करताहेत. मला आणि मुलीला (वय नऊ) हवाय, मिस्टर नको म्हणतात. सासूबाई म्हणतात, ब्रूनोच परत येतोय. इतक्या लवकर दुसरा आणणं ही ब्रूनोशी बेइमानी ठरेल का? पाच वर्षांचा कुत्रा आम्हाला आपलं मानेल, की पिल्लूच बरं? आणि आणलाच तर त्याला ब्रूनो म्हटलं तर चालेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. ब्रूनो म्हणू नका. सिंबाला नवं नाव शिकवणं अवघड आहे म्हणून नव्हे. हातात खाऊ घेऊन आठवडाभर हाक मारली की लॅब कुठल्याही नावाला ओ देतो. पण तुम्ही "ब्रूनो" म्हणाल तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर सिंबा नसणार, आणि मोठा कुत्रा दत्तक घेताना माझ्या पाहण्यात जे काही बिनसतं त्यातलं निम्मं तरी इथेच बिनसतं. जात तीच, रंग तोच, वर नावही तेच दिलंत तर सिंबाला सिंबा म्हणून बघायला घरात कोणी उरणार नाही.

एक उदाहरण सांगते. आधीचा लॅब गेल्यावर तशाच रंगाचा मोठा लॅब आणलेलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. तक्रार एकच: हा मायाळू नाही. आधीच्याचा कान कुरवाळला की तो डोळे मिटून मांडीवर डोकं टेकायचा, हा मान काढून घेतो, परवा तर गुरगुरला. मी त्याच्यापाशी जमिनीवर बसले, छातीवरून हात फिरवला, तर शेपूट हलवत जवळ आला. डाव्या कानाकडे हात गेला आणि लगेच डोकं मागे, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला. कानाची पाळी उलटली तर आत तपकिरी मळ, आंबूस वास, कातडी लालबुंद. बुरशीचा जुना संसर्ग होता, लॅबमध्ये नेहमी दिसणारा. कान साफ करून औषध सुरू केलं आणि महिन्याभरात कुत्रा कानाला हात लावू द्यायला लागला. त्या दोघांचं प्रेम कमी नव्हतं, पण त्यांचे हात आधीच्या कुत्र्याला कुरवाळत होते, त्यामुळे या कुत्र्याचं दुखणं त्यांना स्वभाव वाटलं.

म्हणून "दुःख संपेपर्यंत थांबा" असं मी सांगणार नाही. सहा महिने थांबा, वर्ष होऊ द्या असं सांगणारे भेटतील, त्या आकड्यांना काही आधार नाही. महिन्याभरात दुसरा आणून छान रुळलेली घरं मी पाहिली आहेत आणि तीन वर्षांनी आणूनही "आमचा तो असा नव्हता" म्हणणारीही. ब्रूनोसाठी रडू येत असतानाही सिंबाला आणता येतं. तुम्ही आधी त्याच्या घरी दोनदा तरी जाऊन या. दुसऱ्या भेटीनंतर स्वतःला विचारा, सिंबाच्या पाच अशा गोष्टी सांगता येतात का, ज्या ब्रूनोत नव्हत्या? आणि त्या सांगताना त्या उणिवा वाटल्या की नुसत्या गोष्टी? उणिवाच वाटत असतील तर थोडं थांबा, किंवा अगदी वेगळ्या ठेवणीचं कुत्रं बघा. एखादी देशी मादी घ्या, जिच्याकडे बघून ब्रूनो आठवणारच नाही. बेइमानीबद्दल एवढंच म्हणेन की मेलेल्या कुत्र्याशी बेइमानी करता येत नाही. जिवंत कुत्र्याशी मात्र येते.

सासूबाईंना वाईट वाटू न देता ते "परत आला" मुलीसमोर बोलणं थांबवा. नऊ वर्षांच्या मुलीला ते खरं वाटतं, आणि सिंबा ब्रूनोसारखा चेंडू परत आणून देत नाही हे कळलं की ती दुसऱ्यांदा खट्टू होते. तिला सरळ सांगा: ब्रूनो गेला. हा सिंबा आहे, याचं घर सुटतंय, हा आपल्याकडे राहायला येतोय.

आता तो तुम्हाला आपलं मानेल का. मानेल. कुत्रा पिल्लूपणापासून सांभाळला तरच जीव लावतो ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे बघा, त्यांत लॅब्रेडॉरच जास्त. पिल्लू असताना ते साधारण वर्षभर एका कुटुंबात वाढतात, मग प्रशिक्षण केंद्रात जातात आणि दीड-दोन वर्षांचे झाले की तिसऱ्याच माणसाकडे, आणि त्या तिसऱ्या माणसाचा हात धरून भर रस्ता ओलांडतात. पाच वर्षांच्या लॅबचा स्वभाव, वजन, खोडी, आजार सगळं समोर दिसतं. पिल्लू म्हणजे बंद पाकीट, वर दोन वर्षं चपला आणि सोफे. तुमच्या घरी मुलीची शाळा आणि दोघांच्या नोकऱ्या असतील तर मोठाच बरा.

पण "समोर दिसतं" हे बघणाऱ्यासाठी. देणारी माणसं खोटं बोलतात असं नाही, पण लाजतात, आणि कुत्र्याला कोणी घेणार नाही या भीतीने काही गोष्टी गिळतात. म्हणून प्रश्न नेमके विचारा. "चावतो का?" असं विचारलंत तर "छे हो" येतं. "कधी कुणाला दात लागलेत का? रक्त आलं होतं का? तेव्हा काय चाललं होतं?" असं विचारा. जेवताना ताटलीजवळ कोणी गेलं तर काय करतो? फटाक्यांत कुठे लपतो? घरी एकटा जास्तीत जास्त किती तास राहिलाय, आणि तेव्हा शेजाऱ्यांनी तक्रार केली होती का? लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा आला तर? फिट कधी आली होती का? हे त्यांचं त्याच्यासाठी पहिलंच घर की त्यांनीही कुणाकडून घेतला होता? आणि त्याच्या डॉक्टरांचा नंबर घ्या. नंबर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर मी सावध होते. डॉक्टरांच्या नोंदीत वजन, कान, खाज, पाय सगळं तारखांसकट असतं.

त्याला चालताना मागून बघा. पाच वर्षांचा लॅब बसून उठताना मागचा भाग झोल्याने उचलत असेल, जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. नर लॅबचं वजन साधारण २९ ते ३६ किलोच्या दरम्यान असावं. आपल्याकडे पोळी-दूध-बिस्किटांवर वाढलेले पंचेचाळीस किलोचेही सर्रास दिसतात. बरगड्यांवर हात फिरवल्यावर त्या हाताला लागल्या पाहिजेत. जाड असणं हे नाही म्हणायचं कारण नाही, पण पुढचं वर्ष त्याचं वजन उतरवण्यात जाणार हे आधी माहीत हवं.

आता ज्यावर मला जास्त बोलायचंय. ब्रूनो टिक फीवरने गेला, म्हणजे तुमच्या घरात गोचीड होते आणि बहुतेक अजून आहेत. आपल्याकडच्या कुत्र्यांवर सापडणारा तपकिरी गोचीड घरात राहायला सोकावलेला असतो. तो आयुष्यभर कुत्र्याच्या अंगावर बसत नाही. रक्त पिऊन खाली उतरतो, कात टाकतो, पुन्हा चढतो. मादी हजारो अंडी घालते, तीही गवतात नव्हे, तर दाराच्या चौकटीच्या फटीत, स्कर्टिंगच्या मागे, पडद्याच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात. मोठे गोचीड काही न खाता महिनोन्महिने जगतात. तुमच्या घरातला शेवटचा कुत्रा जूनमध्ये गेलाय. त्यामुळे आज तिथे जे आहेत ते उपाशी आहेत, आणि सिंबा येताच त्याच्यावर चढतील. एर्लिकिया आणि बबेसिया, टिक फीवरचे आपल्याकडचे दोन मुख्य जंतू, हेच गोचीड वाहून नेतात.

तेव्हा सिंबा यायच्या आधी, घरात कुत्रा नाही तोवर, पेस्ट कंट्रोलवाल्याला "झुरळांचं" नव्हे तर "गोचिडांचं" करायचंय असं स्पष्ट सांगा. फटी, चौकटी, बाल्कनीचे कोपरे, भिंतीचा वरचा भागसुद्धा. गोचीड वर चढतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा करून घ्या, कारण पहिल्या फवाऱ्यातून अंडी वाचतात. ब्रूनोची गादी टाकून द्या. पट्टा आठवण म्हणून ठेवायचा असेल तर उकळत्या पाण्यातून काढून मग ठेवा, सिंबाला घालू नका. स्टीलचं भांडं गरम पाण्याने घासलं की वापरायला हरकत नाही. भांड्यात भावना शोधत बसू नये असं माझं मत, पण मुलीला खटकत असेल तर नवं घ्या.

सिंबाला येण्याआधीच, म्हणजे जुन्या घरीच, गोचिडांची गोळी द्यायला सांगा. नेक्सगार्डसारखी गोळी महिनाभर चालते, ब्राव्हेक्टो बारा आठवडे. फिट येण्याचा इतिहास असेल तर या गटातली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. फिटचा प्रश्न मी वर त्यासाठीच घातलाय. तो आल्यावर रक्ततपासणी करा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी, लिव्हर आणि टिक फीवरचं किट, म्हणजे थेंबभर रक्तावर रेघ दाखवणारी झटपट चाचणी. एक लक्षात असू द्या, किटवर पॉझिटिव्ह रेघ आली म्हणजे तो आज आजारीच आहे असं नाही. जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडी खूप दिवस दिसत राहतात. प्लेटलेट, ताप, भूक बघून ठरतं. तुम्ही जे जूनमध्ये पाहिलंत त्यानंतर ती रेघ बघून तुमचे हातपाय गळणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कधी आणायचा? गणपतीत आणू नका. पाहुण्यांसाठी दार सताड उघडं, खाली ढोल-ताशे, हॉलमध्ये मखर आणि नैवेद्याची ताटं. पंचखाद्यात बेदाणे असतात, आणि बेदाणे-मनुका कुत्र्याच्या किडनीला घातक असतात. नवीन कुत्रा हरवतो तो बहुतेक पहिल्या काही दिवसांत, उघड्या दारातून, घाबरून. त्याला तुमची इमारत अजून घर वाटत नसते, त्यामुळे तो पळाला तर परत येत नाही, जुन्या घराच्या दिशेने सुटतो. अनंत चतुर्दशी झाली की दिवाळीपर्यंत साधारण दीड महिना मिळतो, तो रुळायला चांगला. पितृपक्षात नवं काही आणू नये असं सासूबाई म्हणाल्या तर घटस्थापनेला आणा, भांडत बसू नका. (पितृपक्षात कावळ्याबरोबर कुत्र्यालाही घास काढतातच, तेव्हा तो मुद्दा त्यांच्यापुढे मांडून बघायला हरकत नाही.)

पहिले दोन आठवडे गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही, दोन दोऱ्या, दोन माणसं. पट्ट्याला तुमचा फोन नंबर. मोकळं अजिबात सोडायचं नाही, सोसायटीच्या बंद आवारातही नाही. त्याच्या जुन्या घरातली न धुतलेली चादर आणा आणि तो झोपेल तिथे टाका. पहिला आठवडा तेच खाणं, त्याच वेळा. तुम्हाला बदलायचं असेल तर त्यानंतर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. पहिल्या एक-दोन दिवसांत त्याने एखादं जेवण टाळलं, जुलाब झाले, घरात शू केली तर घाबरू नका आणि रागावू नका. मात्र लॅबने दोन दिवस सलग तोंड फिरवलं, उलट्या झाल्या किंवा पाणीही घेतलं नाही तर दवाखान्यात न्या. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात: आधी बावरलेला, मग रुळायला लागलेला, मग आपला. हिशोब ढोबळच आहे, पण तिसऱ्या आठवड्यात खोड्या वाढल्या तर कुत्रा बिघडला असं न समजता तो मोकळा होतोय असं समजायला तो उपयोगी पडतो.

लोक हौसेने आठवडाभर सुट्टी काढतात, कुत्र्याला क्षणभर सोडत नाहीत आणि सोमवारी दोघं नऊ तास गायब. मग तो दार ओरबाडतो आणि शेजारी तक्रार करतात. दुसऱ्या दिवसापासूनच एकटं राहायची सवय लावा. कचरा टाकायला खाली जा, पाच मिनिटांनी या, येताना-जाताना गाजावाजा नको. मग पंधरा मिनिटं, मग तास.

मुलीसाठी तीनच नियम: जेवताना हात लावायचा नाही, झोपेतून उठवायचं नाही, मिठी मारायची नाही. ब्रूनोला मिठी चालत होती हे इथे उपयोगाचं नाही. सिंबाने जांभई दिली, जिभेने नाक चाटलं, तोंड वळवलं की हात काढायचा, हे तिला शिकवा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

आधीच्या कुटुंबाने पहिले दोन महिने भेटायला येऊ नये. फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, पण व्हिडिओ कॉलवर त्यांचा आवाज त्याला ऐकवू नका. आवाज ऐकून दिवसभर दार हुंगत फिरणारे कुत्रे मी पाहिलेत. त्यांना हे कठोर वाटेल, त्यांची समजूत तुम्ही काढा.

आता मिस्टर. त्यांचं "नको" डावलून कुत्रा आणू नका. माझ्याकडे येणाऱ्या घरांत नको म्हणणारा बऱ्याचदा तोच असतो ज्याने शेवटच्या आठवड्यात आजारी कुत्र्याला उचलून सलाईनला नेलं-आणलेलं असतं. पण कधी कारण फार साधंही असतं: पहाटेचं फिरवणं आपल्याच गळ्यात पडणार, कुठे चार दिवस जाता येणार नाही, खर्च. तीस किलोच्या लॅबला दिवसाला तीनशे ते चारशे ग्रॅम कोरडं खाणं लागतं, म्हणजे महिन्याला नऊ ते बारा किलो, वर लसी, गोळ्या, दवाखाना. त्यांचं कारण कोणतं ते बसून विचारा आणि त्यावर बोला. पहाटेचं फिरवणं असेल तर ते तुम्ही घ्या, कागदावर घ्या. दुःख असेल तर त्यांना सिंबाला भेटायला चला म्हणा, निर्णय तिथे मागू नका. कुटुंब दिवाळीपर्यंत इथेच आहे, हे तुमचं नशीब. पंधरा दिवसांच्या बोलीवर सिंबाला आणता येईल, आणि मिस्टरांनी मनापासून नाही म्हटलं तर त्या कुटुंबाला सिंबासाठी दुसरं घर शोधायला वेळ राहील. ही बोली आधीच स्पष्ट ठरवा. शेवटच्या आठवड्यात, विमानाची तिकिटं हातात असताना घेतलेला कुत्रा परत देता येत नाही. मग अशा कुत्र्यांचं काय होतं ते कुठल्याही निवाऱ्यात जाऊन बघा. कुत्रा वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, तेव्हा त्या कायद्याला कोण किती भितं ते तुम्हीच ओळखा.

कागदपत्रांचं फार नाही. लसीकरणाची वही मूळ प्रत घ्या. रेबीजची लस कधी झाली ते बघा, आपल्याकडे ती दरवर्षी देतात. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर पंधरा आकडी क्रमांक आणि तो कुणाच्या नावावर नोंदलाय ते विचारा, नाव-फोन बदलून घ्या. केनेल क्लबचे कागद असतील तर मालकी बदलाच्या फॉर्मवर त्यांची सही ते इथे आहेत तोवरच घ्या. महापालिकेचा परवाना तुमच्या नावाने नवा काढा. सोसायटीने "पाळीव प्राणी नकोत" असा ठराव केला असेल तरी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना त्याच्या विरुद्ध आहेत, त्या सेक्रेटरींना दाखवा.

नसबंदी झालेली नसेल तर येताच करू नका. दोन-तीन महिने जाऊ द्या, घर ओळखीचं झालं की डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि दवाखान्यात पहिल्यांदा न्याल तेव्हा, तो आजारी नसेल तर, डॉक्टरांना सांगा की आज सुई नको. वजनकाट्यावर उभा करा, कान बघा, हातून बिस्किट द्या आणि घरी न्या. रक्त पुढच्या आठवड्यात काढलं तरी चालतं.